पांचट, पाणचट की पाचकळ?

प्रश्न असा आला आहे: टीव्हीवर एक नवा विनोदी कार्यक्रम सुरू झालाय. चार विनोदवीर लांब टेबलामागे बसतात, सूत्रसंचालक बातम्यांतला एखादा विषय टाकतो आणि चौघं त्यावर बोलत सुटतात. पहिला भाग आम्ही घरातल्या सहाजणांनी एकत्र बघितला. नंतर घरच्या ग्रुपवर भाच्यानं लिहिलं, ‘पांचट आहे.’ दिरांनी दुरुस्ती केली, ‘पाणचट लिही.’ सासूबाईंचा निरोप आला, ‘याला पाचकळ म्हणतात.’ मी लिहिलं, ‘एका उत्तराला मात्र खसखस पिकली,’ तर भाचा विचारतो, हसण्याचा आणि खसखशीचा काय संबंध? बरोबर कोण?

उत्तर: भाचा आणि दीर एकच शब्द वापरताहेत, सासूबाईंचा शब्द वेगळा आहे आणि त्यांची तक्रारही वेगळी आहे. तुम्ही लिहिलेली खसखस तर मला फार आवडली. तिच्याकडे शेवटी येतो.

आधी पाणचट. हा शब्द पाण्यातून आला आणि स्वयंपाकघरात वाढला. ‘गुळचट’ म्हणजे गुळासारखं जरासं गोड, तसं ‘पाणचट’ म्हणजे पाण्याच्या अंगानं गेलेलं. माझी आजी आमटी उकळत असताना पळी बुडवून वर काढायची आणि तिची पाठ बघायची. डाळ पळीला धरून राहिली तर आमटी पळीवाढी झाली. पाणी घसरून गेलं आणि डाळीचे चार कण मागे राहिले, तर म्हणायची, ‘पाणचट झाली गं, अजून आटू दे.’ आमटीत डाळ असते, फोडणी असते, मीठही असतं. बिघडतं ते पाण्याचं प्रमाण. विनोदाला पाणचट म्हणताना नेमकी हीच तक्रार असते. मूळ कल्पना बरी असेल, पण ती इतकी पातळ केली, इतकी लांबवली की चवच लागेना.

म्हणून या प्रकारच्या कार्यक्रमाला हा शब्द चपखल बसतो. आपल्याकडे टीव्हीवरचा विनोद बहुतेक प्रहसनाच्या वाटेनं गेला. ‘फू बाई फू’, मग २०१४पासून ‘चला हवा येऊ द्या’, २०१८पासून ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’. प्रहसन लिहिलेलं असतं, त्याच्या तालमी होतात, वाक्य तोलून मापून ठेवलेलं असतं. टेबलाभोवती बसून गप्पांतून विनोद काढण्याचा प्रकार ब्रिटनमध्ये चांगला मुरलेला आहे. बीबीसीवरचा ‘हॅव आय गॉट न्यूज फॉर यू’ हा बातम्यांवरचा कार्यक्रम १९९०पासून चालू आहे. तिथे सगळी मदार हजरजबाबीपणावर. उत्तर त्या क्षणी सुचलं तर रंगत येते. सुचलं नाही तर ‘म्हणजे बघा ना’, ‘खरं सांगू का’, ‘तेच तर’ अशी वाक्यं ओतत वेळ काढावा लागतो. तेच ते पाणी.

आता पांचट. पाणचट भराभर म्हणून बघा. यातला ‘च’ चमच्यातला आहे, चहातला नाही. ‘ण’साठी जीभ टाळूकडे वळवायची आणि लगेच या ‘च’साठी दातांमागे आणायची, एवढी कसरत बोलण्याच्या ओघात होत नाही. मग ‘ण’चा ‘न’ होतो, ऐकू येतं ‘पान्चट’ आणि लिहिलं जातं पांचट. उच्चार म्हणून यात काही चूक नाही, मीही घरी तसंच म्हणतो.

पण पाणवठा, पाणबुडी, पाणथळ, पाणकोंबडी या शब्दांत ‘ण’ शाबूत राहतो. ‘च’पुढे तो टिकत नाही हे एक कारण झालं. दुसरं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. पाणबुडी म्हणताना पाणी डोळ्यांसमोर असतं, विनोदाला पाणचट म्हणणाऱ्याच्या मनात ते राहिलेलं नाही. महिनाभर मी कान देऊन ऐकलं. ऑफिसच्या कँटीनमधली मंडळी चहाला पाणचट म्हणतात, दुधाला पाणचट म्हणतात, आणि तीच माणसं त्याच टेबलावर विनोदाला पांचट म्हणतात. एका शब्दाची दोन रूपं झाली आणि दोघांनी कामं वाटून घेतली. ‘क्षेत्र’ आणि ‘शेत’ हे मुळात एकच, पण आज काशी हे क्षेत्र आणि ज्वारीचं ते शेत. पांचट त्याच वाटेला लागला आहे असं मला वाटतं. तरुण मुलं आता माणसालाही पांचट म्हणतात, त्यात थोडा चावटपणाही धरतात. पाणचटमध्ये तो नव्हता.

मग लिहावं काय? लेखात, परीक्षणात, कुणाला चार ओळी लिहून कळवायच्या असतील तिथे मी पाणचटच लिहीन, कारण त्या ‘ण’मध्ये पाणी दिसतं आणि तक्रार कशाची ते कळतं. घरच्या ग्रुपवर भाच्यानं पांचट लिहिलं तर तो जसं बोलतो तसं लिहितोय. दिरांनी दुरुस्ती केली ती योग्य आहे, पण भाच्याला ‘चुकलास’ म्हणू नये.

सासूबाईंचा पाचकळ मात्र निराळा. पाणचटपणा विनोदात असतो, पाचकळपणा माणूस करतो. ‘पाचकळपणा पुरे’ असं आपण लहान मुलाला बजावतो, ते त्याच्या वागण्याला उद्देशून. जिथे नको तिथे मध्येच तोंड घालणं, हलक्या शब्दांवरून हशा मागणं, समोरच्याच्या आडनावावरून, वजनावरून काहीतरी बोलून मोकळं होणं, हे सगळं पाचकळ. त्यात असभ्यतेची कड असते आणि जुन्या पिढीला ती लगेच टोचते. सासूबाईंना कार्यक्रमाची चव पातळ लागली नाही, त्यांना तिथल्या कुणाची तरी बोलण्याची रीत खटकली. त्यांना विचारून बघा, कुठल्या वाक्याला वाटलं? एखादं नेमकं वाक्य त्या सांगतील याची मला खात्री आहे.

इथे एक गैरसमज वारंवार भेटतो म्हणून लिहितो. शब्दावर कोटी केली की तिला सरसकट पाचकळ म्हणायची सवय पडली आहे. हा कोटीवर अन्याय आहे. कोटी हा भाषेचा खेळ आहे. चांगली कोटी ऐकल्यावर दोन अर्थ एकदम उघडतात आणि दोन्ही पटतात. नुसता आवाज जुळला आणि दुसरा अर्थ पोकळ निघाला, तर तिला फार तर पाणचट म्हणा. तिनं कुणाची अवहेलना केली तरच पाचकळ.

याच घराण्यातला बाष्कळ बहुधा बडबडीबरोबर येतो. चौघं एकाच वेळी बोलू लागले आणि कुणाचंच कळेना, तर त्या पाच मिनिटांना बाष्कळ म्हणावं. आणि थिल्लर? तोही पाण्यातलाच. जुन्या मराठीत थिल्लर म्हणजे उथळ डबकं. पाणचटमध्ये पाणी जास्त झाल्याची तक्रार आहे, थिल्लरमध्ये पाणी खोल नसल्याची. गंभीर बातमी विषयाला घेतली आणि वरवर खिदळून सोडून दिली, तिथे हाच शब्द हवा.

नावाजायचे शब्दही आपण स्वयंपाकघरातूनच आणले आहेत. करंजी खुसखुशीत, लेखही खुसखुशीत. थालीपीठ खमंग, किस्साही खमंग. म्हणून टीव्हीसमोर बसलेल्या मराठी माणसाच्या तोंडी हेच शब्द येतात. विनोद तो जिभेनं तपासतो.

आता तुमची खसखस. पिकणे हे क्रियापद हशालाही लागतं: हशा पिकला, खसखस पिकली. भाच्याला खसखशीचं बोंड दाखवता आलं तर उत्तम, पण ते आपल्याकडच्या शेतात दिसायचं नाही. खसखस म्हणजे अफूच्याच झाडाचं बी, आणि अफूची लागवड सरकारी परवान्यानं होते, ती मध्य प्रदेशात मंदसौर-नीमचकडे, राजस्थानात आणि उत्तर प्रदेशात. ओल्या बोंडाला चीर दिली की चीक येतो तो अफूचा. बोंड वाळलं, पिकलं की आत शेकडो बारीक दाणे सुटे होतात आणि बोंड हलवलं की खुळखुळतात. एका दाण्याचा आवाज येणार नाही, सगळे मिळून सळसळतात. घरात अनारशांसाठी आणलेली पुडी फुटली की दाणे कसे ओट्यावरून चहूकडे धावतात ते त्यानं पाहिलं असेलच. जमलेल्या माणसांत एकदम पसरलेलं बारीक बारीक हसू तसंच असतं. मोठा गडगडाट झाला तर आपण ‘हास्यकल्लोळ’ म्हणतो. खसखस त्याहून हलकी.

आणि ती एकट्याला पिकवता येत नाही. कानात हेडफोन घालून मोबाइलवर बघणारा फार तर खुदकन हसेल. तुम्ही सहाजण दिवाणखान्यात होतात, त्या एका उत्तराला सहाही जणांना एकदम हसू आलं, सासूबाईंनासुद्धा. तुम्ही लिहिलेला शब्द अगदी बरोबर आहे.