'पोस्ट कॅप्टन'मधली पोस्ट कुठली?

एका वाचकाने विचारलंय: फ्रेडरिक मेटलंड या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याबद्दल वाचताना 'तो १८०१ मध्ये पोस्ट झाला' असं आढळलं. ही पोस्ट टपालाची की चौकीची? आणि 'पोस्ट कॅप्टन'ला मराठीत 'सरखेल' म्हटलं तर चालेल का?

टपालाचीही नाही आणि चौकीचीही नाही. 'खात्यात पोस्ट निघाल्यात' असं आपण म्हणतो ना, ती ही पोस्ट. जागा, पद.

घोळ होतो तो 'कॅप्टन'मुळे. त्या काळी लहानशा जहाजावरच्या कमांडरलाही सगळे कॅप्टनच म्हणत. आपण नाही का पोलीस शिपायाला सर्रास हवालदार म्हणतो, तसंच. ती नुसती हाक. हुद्दा मिळायचा तो साधारण वीस किंवा जास्त तोफांच्या, दर्जा ठरलेल्या जहाजावर नेमणूक झाली की. त्या दिवशी नाव ज्येष्ठतायादीत लागायचं आणि मग कुणाचा वशिला चालत नसे. वरची नावं गळतील तसं आपलं नाव वर सरकणार. पुढे जहाज मिळो न मिळो, अर्ध्या पगारावर घरी बसला तरी क्रम सुटत नसे. म्हणून ही तारीख लवकर पडण्यासाठी सगळी धडपड. नेल्सनची पडली १७७९ मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी.

'सरखेल' मात्र नको. ते अख्ख्या आरमाराच्या प्रमुखाचं पद, कान्होजी आंग्र्यांचं. 'तांडेल' म्हणजे होडीवरच्या खलाशांचा म्होरक्या, तो दुसऱ्या टोकाला जातो. मला 'पटावरचा कप्तान' आवडतं. शाळेच्या पटावर नाव असणं मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही, आणि इथे अर्थही नेमका तोच आहे. तुमचं वाक्य मी असं लिहीन: '१८०१ मध्ये मेटलंडचं नाव कप्तानांच्या पटावर चढलं.'

ते चढलं इजिप्तमधल्या अबुकीरच्या लढाईनंतर. तिथे सैन्य किनाऱ्यावर उतरवताना बाजूने संरक्षण देणाऱ्या होड्या त्याच्या हाताखाली होत्या. १५ जुलै १८१५ रोजी फ्रान्समधल्या रोशफोरपाशी नेपोलियन शरण आला तो याच्याच 'बेलेरोफॉन' या ७४ तोफांच्या जहाजावर. एवढं होऊनही पट काही हलला नाही. पटावरून वर, रिअर ॲडमिरलच्या हुद्द्यावर जायला १८३० उजाडलं, म्हणजे एकोणतीस वर्षं!

शेवटी तो ईस्ट इंडीजच्या आरमाराचा प्रमुख म्हणून आपल्याकडे आला. या पदाला मात्र 'सरखेल' शोभलं असतं. त्याचं निशाण होतं 'वेलस्ली' जहाजावर. सागवानी लाकडाचं हे जहाज मुंबईच्याच गोदीत बांधलेलं, तेही १८१५ सालीच पाण्यात उतरलेलं. ३० नोव्हेंबर १८३९ रोजी मुंबईजवळ त्याच जहाजावर तो वारला. फोर्टातल्या सेंट थॉमस कॅथेड्रलमध्ये त्याचं स्मारक आहे.