खांद्याच्या ऑपरेशननंतर रात्रीचं दुखणं कसं आवरायचं?

तुमच्या वडिलांच्या खांद्याचा फाटलेला स्नायू जळगावला दुर्बिणीतून शिवला. दिवस बरा गेला, घरी आणल्यावर रात्री तीनला मात्र ते कण्हत उठून बसले. गोळ्या कमी पडतात का, असं तुम्ही विचारलंय.

बहुतेक गोळीची वेळ चुकली असावी. ऑपरेशनआधी मानेपाशी इंजेक्शन देऊन हात बधिर करतात. त्याचा असर साधारण 12 ते 24 तास टिकतो आणि उतरला की दुखणं एकदम उसळतं. ‘दुखत नाही तर गोळी कशाला’ म्हणून थांबलात, तर मग तीच गोळी अपुरी वाटते. पहिले दोन-तीन दिवस चिठ्ठीतल्या अंतरानं, घड्याळ लावूनच द्या.

पण पाकिटामागचे मिलीग्रॅम वाचा, घोळ इथंच होतो. ॲसिक्लोफिनॅक आणि ट्रामाडॉल ही दुखण्याची औषधं. ॲसिक्लोफिनॅकच्या जोडगोळीत (एकाच गोळीत दोन औषधं) बहुधा 325 पॅरासिटामॉल असतं, ट्रामाडॉलच्या जोडगोळीत पुन्हा 325. वर घरातली तापाची 650 ची दिली, तीही पॅरासिटामॉलच, की एका वेळेला 1300. असं चारदा झालं तर 5200! धडधाकट माणसालाही 24 तासांत पॅरासिटामॉल 4000 च्या वर नको. वय झालेलं, वजन कमी, लिव्हरचा त्रास किंवा दारू असेल तर मर्यादा डॉक्टरांनाच विचारा. किडनी, बीपी किंवा अल्सर असेल तर ॲसिक्लोफिनॅकचंही विचारून घ्या. ट्रामाडॉलनं गुंगी, मळमळ, बद्धकोष्ठ होतं. पाणी आणि पपई वाढवा.

निम्मं दुखणं झोपण्याच्या पद्धतीत असतं. बाजेवर सपाट निजवू नका, बाज मध्ये खचते. पाठीला लोड-उशा लावून अर्धवट बसतं ठेवा. कोपराखाली गोधडीची घडी अशी घाला, की पडल्या पडल्या त्यांना स्वतःचं कोपर दिसलं पाहिजे. ते मागं लोंबकळलं की टाक्यांवर ताण येतो. हात अडकवलेली झोळी रात्रीही काढायची नाही.

बर्फ फडक्यात गुंडाळून 15-20 मिनिटं, दोन-तीन तासांनी. ड्रेसिंग कोरडं राहू द्या. हात बधिर असताना बर्फाखालची कातडी मधूनमधून बघा, चटका बसलेला त्यांना कळणार नाही. आपल्याकडच्या मे महिन्यात काखेत घाम साचून कातडी सोलवटते. झोळी सैल करायची परवानगी असेल तर पुढं वाकवून कोरड्या फडक्यानं टिपा. शेक आणि मालिश, कुणीही सांगो, नको. मूठ उघडझाप मात्र दिवसभर चालू द्या.

पापणी उतरणं, आवाज बसणं हे त्या इंजेक्शनमुळे होतं, असर उतरला की जातं. बोटं निळी-थंड पडली, जखमेतून पू आला, ताप चढला किंवा पोटरी सुजून दुखू लागली तर सकाळची वाट न बघता फोन करा. छातीत दुखलं किंवा दम लागला तर फोनातही वेळ घालवू नका, 108 बोलवा.