'घरीच तर असतोस' यावर माझा उपाय

तुम्ही लिहिलंय की ८ महिने घरून काम चालूय, लॅपटॉप सकाळी ९ ला उघडतो तो रात्री ११ ला बंद होतो, तरी काही झालंय असं वाटत नाही, वर मान दुखते आणि घरचे म्हणतात घरीच तर असतोस. सेम पिक्चर मी मार्च २०२० पासून बघतेय. पुण्यात टू बीएचके, सासू-सासरे, मुलगी आणि क्लायंट न्यूयॉर्कचा.

लोक सांगतील पोमोडोरो लावा, २५ मिनिटं काम आणि ५ मिनिटं ब्रेक. लावा की, वाईट नाहीये. पण ११व्या मिनिटाला सासरे मोबाईल घेऊन येतात, "हा ओटीपी कसला आलाय गं, बघ जरा", तेव्हा तो टायमर काय करणार?

तुमच्यात शिस्त कमी नाहीये हो. तुम्ही ऑफिसात कधी असता आणि घरी कधी, हेच घरच्यांना कळत नाही. लॅपटॉपवर वाकलेला माणूस लाईटबिल भरतोय का मीटिंगमधे आहे, दारातून सारखाच दिसतो. मी दार लावून बघितलं, तर वाजवायचे. शेवटी एक दिवस वैतागून कंपनीचं आयकार्ड दोरीसकट गळ्यात घातलं. कार्ड गळ्यात म्हणजे मी ऑफिसला, दूध उतू गेलं तरी मी इथे नाही. चार दिवस सगळे हसले, मग मुलगीच कुरियरवाल्याला सांगायला लागली, आई ऑफिसला गेलीये, आणि मी समोर हॉलमधे बसलेली!

पण कार्ड काढलं की खरंच घरी असायला पाहिजे. सुरवातीला मीच चीटिंग करायचे, कार्ड खुंटीला आणि जेवताना ताटाशेजारी मेल चालू. सासूबाईंनी एकदा सरळ कार्ड आणून ताटात ठेवलं.

अमेरिकेचे कॉल असतील तर अजून एक. उन्हाळ्यात न्यूयॉर्कचे सकाळचे ९ म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसहा, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी त्यांची घड्याळं मागे गेली की तेच साडेसात, म्हणजे मार्चपर्यंत आपल्या जेवणाची वाट. मी त्या दिवसांत दुपारी १ ते ४ कॅलेंडर ब्लॉक करते, मॅनेजरला नुसतं तोंडी नाही, मेलवर कळवलंय. झोपते, भाजी आणते, गिल्ट येतं तर येऊ दे.

मानेचं म्हणाल तर पलंगावर बसून काम आजपासून बंद. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या लेव्हलला हवी, माझा लॅपटॉप दोन पाट एकावर एक ठेवून त्यावर असतो, पण मग वेगळा कीबोर्ड-माऊस घ्यावाच लागतो, नाहीतर हात लोंबकळून खांदे जातात. हाताला मुंग्या येत असतील तर मात्र हे सगळं नंतर, आधी डॉक्टरला दाखवा.

आणि तुम्ही पुण्यातच असाल तर राउटरला छोटा यूपीएस घ्या, गुरुवारी लाईट जातेच.