प्रिव्ह्यू उघडला की अख्खं बिलिंगच बारीक!

प्रश्न : मी सांगलीत मार्केट यार्डातल्या आडत दुकानांसाठी विनफॉर्म्समध्ये (विंडोजचे प्रोग्रॅम करायची मायक्रोसॉफ्टची जुनी पद्धत) बिलिंगचा प्रोग्रॅम केलाय, हळदीच्या सौद्याच्या पट्ट्या वगैरे. परवा त्यात एक रेडीमेड प्रिव्ह्यू कंपोनंट घातला, माझ्या पीसीवर एकदम ओके, पण एका शेठच्या नव्या लॅपटॉपवर प्रिव्ह्यू उघडला की मागची सगळी विंडो आकसते, अक्षरं मुंगीएवढी होतात आणि प्रिव्ह्यू बंद केला तरी तशीच राहतात, प्रोग्रॅम बंद करून परत चालू केला की मगच ठीक. दिवाणजी म्हणतात मी चष्मा बदलू का! व्हायरस असेल का?

उत्तर : व्हायरस नाही हो. त्या लॅपटॉपचं डिस्प्ले स्केल १२५ टक्के असणार आणि तुमच्या पीसीचं १००, बघा तपासून. तुमच्या प्रोग्रॅमनं डीपीआयबद्दल (स्क्रीनवर इंचाला किती ठिपके) काहीच सांगितलेलं नाही, म्हणून विंडोज त्याला स्क्रीन ९६ डीपीआयचीच, म्हणजे १०० टक्के स्केलचीच आहे असं भासवते, तो बिचारा ८०० पिक्सेलची विंडो काढतो आणि विंडोज ती ताणून १००० ची दाखवते. थोडी धूसर, पण वाचता येते. आता तो कंपोनंट डब्ल्यूपीएफमधला (विंडोजच्या स्क्रीन करायची मायक्रोसॉफ्टची दुसरी, नंतरची पद्धत) असणार, पैज लावतो. डब्ल्यूपीएफची प्रेझेंटेशनकोअर ही फाईल लोड झाली की ती परस्पर विंडोजला कळवून टाकते की ही प्रोसेस (म्हणजे चालू असलेला अख्खा प्रोग्रॅम) डीपीआयचं स्वतः बघते, ताणू नका. ही सेटिंग तिच्या एका विंडोची नाही, अख्ख्या प्रोसेसची, त्यामुळे तुमच्या फॉर्मचंही ताणणं बंद, १००० चे परत ८००. आणि एकदा लागलेली ही सेटिंग प्रोसेस संपेपर्यंत मागं घेता येत नाही, म्हणून रिस्टार्टशिवाय इलाज नाही. भाडेकरूनं आपल्या खोलीसाठी वाड्याचा मेन स्विच फिरवावा तसलाच हा प्रकार, माझ्या मते चूक त्याचीच, पण मेन स्विचला कुलूप घालायचं काम मालकाचं.

ते कुलूप म्हणजे मॅनिफेस्ट, प्रोग्रॅमबरोबर जाणारी, विंडोजला त्याची माहिती देणारी फाईल. त्यात डीपीआय अवेअर ही ओळ मुळात नसणं आणि ‘फॉल्स’ असणं यात मोठा फरक आहे, बरेचजण इथंच फसतात. ओळ नसेल तर कुठलाही कंपोनंट नंतर मोड, म्हणजे ताणायचं की नाही ही सेटिंग, बदलू शकतो, स्पष्ट ‘फॉल्स’ लिहिलं की कोडमधून बदलता येत नाही. आज रात्री एवढंच करा.

मग प्रिव्ह्यूही धूसर दिसेल, शेठ कुरकुरतील. तो झकपक हवा असेल तर प्रिव्ह्यूची वेगळी एक्सई करा, वेगळी प्रोसेस म्हणजे मोडही वेगळा. २०१६ पासून विंडोज १० मध्ये थ्रेडपुरता (प्रोसेसमधल्या कामाच्या एका धाग्यापुरता) मोड बदलायची सोय आहे खरी, पण एका पट्टीच्या प्रिंटसाठी एवढी खटपट मी तरी करणार नाही. आणि हो, यार्डात जायच्या आधी स्वतःच्या पीसीचं स्केल १२५ करून, साइन आउट करून परत आत येऊन एकदा बघाच.