बहुमत असूनही सांगलीत भाजपचा महापौर का पडला, आणि आमच्या गल्लीला त्याचा काय फरक पडला?

तुम्ही विचारलंय की २०१८ ला सांगली महापालिकेत भाजपला स्पष्ट बहुमत होतं, मग २०२१ ला राष्ट्रवादीचा महापौर कसा बसला, आणि अशा सत्तांतराचा सामान्य माणसाला काही उपयोग होतो का. मी सांगलीतल्या शामरावनगरात राहते. पावसाळ्यात आमच्याकडे पाणी तुंबतं, आणि त्या एका कारणानं मला महापालिकेचा कारभार शिकावा लागला. त्यामुळे उत्तर जरा लांब होईल.

आधी आकडे. आमची सांगली-मिरज-कुपवाड महापालिका १९९८ मध्ये झाली. सभागृह ७८ जणांचं. १ ऑगस्ट २०१८ ला २० प्रभागांत मतदान झालं. भाजपला ४१, काँग्रेसला २०, राष्ट्रवादीला १५ आणि उरलेल्या दोन जागा इतरांना. वर्षानुवर्षं काँग्रेसचं वर्चस्व असलेल्या महापालिकेत भाजप पहिल्यांदाच स्वबळावर सत्तेवर आला. २००८ ला काँग्रेसविरोधकांच्या महाआघाडीनं काँग्रेसला घरी बसवलं होतं, पण २०१३ ला काँग्रेस परत आली होती. २०१८ ला मात्र दोन्ही काँग्रेस आघाडी करून लढल्या आणि तरी हरल्या. केंद्रात आणि राज्यात भाजपचं सरकार होतं हे एक कारण. दुसरं माझ्या मते तितकंच मोठं: २०१५ मध्ये राष्ट्रवादीचे आर. आर. आबा पाटील वारले, त्याच वर्षी काँग्रेसचे मदनभाऊ पाटील गेले आणि निवडणुकीच्या काही महिने आधी, मार्च २०१८ मध्ये काँग्रेसचेच पतंगराव कदम गेले. मदनभाऊ ज्या पद्धतीनं एकेका वॉर्डातली माणसं धरून ठेवायचे, ते काम करणारं काँग्रेसकडे कुणी राहिलं नव्हतं. मग निवडणुकीच्या तोंडावर बरेच जण भाजपमध्ये गेले. चिन्ह बदललं, माणसं बरीचशी तीच राहिली. २०२१ चं मूळ इथं आहे.

कायद्यानं महापौराची मुदत अडीच वर्षं असते. म्हणजे पाच वर्षांच्या सभागृहात महापौराची निवड दोनदा तरी होते. पहिली निवड निकालानंतर लगेच असते, तेव्हा जिंकलेल्यांचा उत्साह असतो आणि कुणी हलत नाही. पुढची निवड येईपर्यंत कुणाला सभापतिपद मिळालेलं असतं, कुणाला शब्द देऊन झुलवत ठेवलेलं असतं, कुणाच्या प्रभागातला रस्ता दोन वर्षं मंजुरीत अडकलेला असतो. शिवाय दरम्यान २०१९ ला राज्यात महाविकास आघाडीचं सरकार आलं होतं आणि राष्ट्रवादीचे जयंत पाटील आमचे पालकमंत्री झाले होते.

राज्यातल्या सरकारचा महापालिकेशी इतका संबंध का, हे लोक विचारत नाहीत. पूर्वी शहरात येणाऱ्या मालावर जकात होती, महापालिकेचा स्वतःचा पैसा यायचा. मग तिच्या जागी एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर आला, आमच्या पेठेतल्या व्यापाऱ्यांनी त्याविरुद्ध मोठं आंदोलन केलं. २०१५ ला बहुतेक व्यापाऱ्यांचा एलबीटी गेला आणि २०१७ ला जीएसटी आला. आता घरपट्टी, पाणीपट्टी सोडली तर पगारापासून मोठ्या कामांपर्यंत सगळं राज्याच्या अनुदानावर अवलंबून असतं. आपल्या प्रभागात काम आणायचं असेल तर नगरसेवकाला मुंबईकडे बघावं लागतं. मग मुंबईत सरकार बदललं की इथं चुळबूळ सुरू होणारच. नगरसेवक फुटला की आपण लगेच पैशाचं बोलतो. तेही होत असेल, पण निधीची ही दोरी मला त्याहून घट्ट वाटते.

तर २३ फेब्रुवारी २०२१. कोरोनामुळे महापौराची निवड ऑनलाइन झाली. त्याआधी काही दिवस भाजपचे काही नगरसेवक 'नॉट रिचेबल' असल्याच्या बातम्या रोज पेपरात होत्या. त्या सकाळी मी दूध आणायला गेले, तर दुकानदार आणि दोन गिऱ्हाइकं मोबाइलवर डोकं घालून बसलेली, एकेक नाव आलं की बोटांवर मोजत होती. भाजपकडे सहयोगी धरून ४३ जण होते. एक जागा रिकामी असल्यानं विरोधकांकडे ३४. त्यातल्या काँग्रेसनं आपला उमेदवार मागं घेऊन राष्ट्रवादीला पाठिंबा दिला. भाजपच्या पाच नगरसेवकांनी राष्ट्रवादीच्या उमेदवाराला मत दिलं आणि दोघं मतदानाला आलेच नाहीत. राष्ट्रवादीचे दिग्विजय सूर्यवंशी ३९ मतं घेऊन महापौर झाले, भाजपचे धीरज सूर्यवंशी ३६ वर राहिले. उपमहापौरपद काँग्रेसला गेलं. १५ जागांचा, म्हणजे तिसऱ्या नंबरचा पक्ष, आणि महापौर त्याचा. 'करेक्ट कार्यक्रम', म्हणजे समोरच्याला बरोबर चीत करणं, हा जयंत पाटलांचा शब्द त्या दिवसापासून आमच्याकडे शाळकरी पोरांच्याही तोंडी बसला.

आमच्या पाठोपाठ १८ मार्चला जळगावातही हेच घडलं. तिथं भाजपचे ७५ पैकी ५७ नगरसेवक होते, तरी शिवसेनेच्या जयश्री महाजन ४५ विरुद्ध ३० मतांनी महापौर झाल्या.

आता तुमचा पुढचा प्रश्न येणार की पक्षांतरबंदी कायदा कुठं गेला. कायदा आहे. नगरसेवकांसाठी १९८६ चा वेगळा राज्य कायदा आहे. निवडून आल्यावर पक्षाच्या नगरसेवकांचा गट विभागीय आयुक्तांकडे नोंदवतात, गटनेता व्हिप, म्हणजे मत कुणाला द्यायचं याचा पक्षादेश काढतो आणि व्हिप मोडला तर आयुक्तांकडे अपात्रतेचा अर्ज करता येतो. अडचण अशी की मत त्याच दिवशी मोजलं जातं आणि अर्जाची सुनावणी चालत राहते. तारीख पडते, वकील बदलतो, प्रकरण हायकोर्टात जातं. सभागृहाची मुदत मात्र त्यासाठी थांबत नाही. माझं स्पष्ट मत आहे की असा अर्ज निकाली काढायला कायद्यानं दोन महिन्यांची मुदत घातली पाहिजे. ती नसेल तर मतदारानं २०१८ ला दिलेल्या मताचा अर्थ २०२१ ला सात माणसं ठरवतात, आणि मतदाराला कुणी विचारतही नाही. मी कुठल्या पक्षाला मत दिलं ते महत्त्वाचं नाही. उलट दिशेनं घडलं असतं तरी मला एवढाच राग आला असता.

आणि फरक काय पडला? इथं बहुतेकांचा गैरसमज असतो. महापौर म्हणजे महापालिकेचा मुख्यमंत्री नव्हे. तो महासभेचं कामकाज चालवतो, कुठला विषय कधी घ्यायचा हे त्याच्या हातात असतं, मान मोठा असतो. अंमलबजावणी महापालिका आयुक्त करतात, आणि त्यांना सरकार नेमतं. खर्चाच्या निविदा, करार हे सगळं स्थायी समितीत जातं. स्थायीत १६ जण असतात, ते पक्षांच्या संख्याबळाप्रमाणे घेतले जातात आणि त्यातले निम्मे दरवर्षी निवृत्त होतात. म्हणजे महापौरपद गेलं तरी कागदावर भाजपचं संख्याबळ तेच होतं, त्यामुळे स्थायीत वरचढ तेच राहिले आणि सभापतीही त्यांचाच झाला. महासभा एकाची, तिजोरीची किल्ली दुसऱ्याची. सत्तांतर झालं असं आम्ही म्हणत होतो, पण ते अर्धंच झालं होतं.

आमच्या गल्लीचं सांगते. इथले बरेच प्लॉट गुंठेवारीतले, म्हणजे रीतसर आराखड्याशिवाय गुंठ्यागुंठ्यानं विकलेले, जमीन सखल. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४५ ची. आमच्या स्वयंपाकघराच्या कट्ट्याच्या फरशीवर पाण्याची रेघ उमटली, ती अजून घासून गेलेली नाही. पण महापूर सोडा, साध्या जूनच्या पावसातही गल्लीत गुडघाभर पाणी राहतं, कारण ते जायला गटारच नाही. आमच्या गटाराचा विषय सत्तांतराच्या आधी 'प्रशासकीय मान्यतेसाठी' होता. महापौर बदलले. नगरसेवकांनी सांगितलं, आता महासभेत घेतो. एकदा पत्रिकेत नसताना ऐनवेळच्या विषयात आला, ठराव झाला, आम्ही पेढे वाटले. नंतर कळलं की निधीची तरतूद नाही. शेरीनाल्याचं सांडपाणी कृष्णेत जातं, तो प्रश्न तर मी सासरी आले तेव्हापासून ऐकते आहे. दोन्ही बाजूंच्या जाहीरनाम्यांत तो असतो.

म्हणून फरक पडत नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. ऑगस्ट २०२३ ला सभागृहाची मुदत संपली आणि निवडणुकाच न झाल्यानं जवळपास अडीच वर्षं नगरसेवकांऐवजी सरकारी प्रशासक होते. तेव्हा मला कळलं की ज्याच्यावर चिडता येतं असा नगरसेवक असणं ही केवढी मोठी गोष्ट आहे. पाणी तुंबलं की पूर्वी आम्ही बायका जमून नगरसेवकाच्या दारात जायचो, तो दार उघडायचा, माणूस पाठवायचा. प्रशासकाच्या काळात अर्ज टाकायचा, त्यावर आवक शिक्का घ्यायचा आणि घरी यायचं. शिक्का मारलेल्या ११ प्रती माझ्याकडे आहेत.

१५ जानेवारी २०२६ ला मतदान झालं, त्याआधी प्रचाराला आलेल्या प्रत्येकाला आम्ही गटाराचं विचारलंच. त्याच्या जोडीला आणखी एक प्रश्न ठेवला होता: अडीच वर्षांनी महापौर निवडताना तुम्ही कुणाला हात वर करणार, आणि पक्ष बदलायचा झाला तर आधी राजीनामा देणार का? दोघांनी सरळ उत्तर दिलं, एकजण हसला, बाकीच्यांनी पत्रक हातात दिलं. कोण काय म्हणालं ते मी तारखेसह वहीत लिहून ठेवलंय. महासभेचं इतिवृत्त माहिती अधिकारात मिळतं, त्यात कुणी कुणाला मत दिलं ते नावानिशी असतं. २०२१ चं मी काढून आणलं होतं, तेही त्याच वहीत लावलेलं आहे. तुमच्या शहरात असं काही झालं असेल तर तुम्हीही ते मागवा, अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो.