काड्या, काबुली चणे आणि चौथीचं गणित

प्रश्न : माझी मुलगी चौथीत आहे. इथल्या एका क्लासने लहान मुलांसाठी रोबोटिक्स सुरू केलंय. मैत्रिणी जातात म्हणून तीही मागे लागलीय, पण फी आम्हाला जड आहे. तिची हातच्याची वजाबाकी अजून चुकते. मी कला शाखेची, नवरा दुकान बघतो. इंजिनिअरिंगची गोडी घरी लावता येईल का?
– एक वाचक, मिरज

उत्तर : ताई, मी प्राथमिक शिक्षक होतो, तेही जिल्हा परिषदेच्या शाळेत. त्यामुळे महागड्या किटबद्दल माझं मन आधीच थोडं कलुषित आहे, हे धरून चाला. क्लासला एकच विचारा: मूल स्वतः काही ठरवतं की पुस्तिकेतलं चित्र बघून तुकडे जोडतं? दुसरं असेल, तर या वर्षी पैसे राहू द्या.

त्याऐवजी मूठभर काबुली चणे रात्री भिजत घाला. खराट्यातले हीर दहा-दहा सेंटिमीटरचे कापा. मोजमाप आणि खुणा लेकीने करायच्या, कात्री तुम्ही धरा. सांध्याला चणा, बाजूला काडी. आधी त्रिकोण, मग चौकोन. चणे ओले आहेत तोवरच दाबून बघायचं, कारण वाळले की ते काडी घट्ट धरतात आणि चौकोनसुद्धा शहाण्यासारखा उभा राहतो.

ओला चौकोन कलंडतो, त्रिकोण हलत नाही. तिला म्हणा, आता तिरकी काडी घालून चौकोन ताठ कर. ती दहाचीच काडी घालेल आणि चौकोन चेपून पतंगासारखा होईल. काटकोन ठेवायचा तर काडी चौदाहून थोडी जास्त लागते. हे तुम्ही सांगू नका, पट्टीने मोजू दे. पायथागोरसला हायस्कुलात भेटेल.

मग पंचकोन: दोन तिरक्या. षटकोन: तीन. वहीत तक्ता केला की बाजूंतून तीन वजा करायचे, हे बहुतेक मुलं आपणहून सांगतात. गेटची तिरकी पट्टी, पत्र्याच्या शेडची कैची, विजेचा टॉवर हे त्यानंतर दाखवा. आधी दाखवलं तर ती नुसती मान डोलावते.

खरी मजा घनात आहे. आठ चणे, बारा काड्या, आणि सगळं लगेच झुकतं. भौतिकशास्त्रज्ञ जेम्स क्लार्क मॅक्सवेलने १८६४ मध्ये अशा सांगाड्यांचा हिशेब मांडला: सांधे गुणिले तीन, वजा सहा, इतक्या काड्या हव्यात. आठांना अठरा लागतात, आपल्याकडे बारा. म्हणजे सहा कमी. घनाला चौकोनी पृष्ठंही सहाच, प्रत्येकावर एक तिरकी. चारच चण्यांचा पिरॅमिड केला तर सहा काड्यांत भागतं. चौथीच्या मुलीला यातलं कोणतं गणित येत नाही?

हा खेळ जुना आहे. बालवाडीचा जनक फ्रोबेल वाटाणे आणि काड्या वापरायचा. अमेरिकेतल्या बकमिन्स्टर फुलरला लहानपणी नीट दिसत नव्हतं. बालवाडीत वाटाण्यांशी चाचपडताना हाताला त्रिकोणच पक्का लागला, असं तो सांगायचा. त्याच्या नावाने ओळखले जाणारे त्रिकोणांचे घुमट आपल्याकडे पाबळच्या विज्ञान आश्रमाने बांधले. डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ मध्ये सुरू केलेली ही संस्था शिरूर तालुक्यात आहे. सुटीत जमलं तर आधी विचारून लेकीला घेऊन जा.

आता वजाबाकी. ती या सांगाड्यांनी सुधारणार नाही, खोटं कशाला सांगू? पण काड्या त्याच वापरा. दहा-दहाचे गठ्ठे रबरबँडने बांधा. बेचाळीसमधून सतरा द्यायचे, तर दोन सुट्यांतून सात निघत नाहीत. तिने एक गठ्ठा सोडायचा, बारा सुट्या होतात. तीन गठ्ठे उरले, त्यातला एक द्यायचा. वहीत हातचा लिहिण्याआधी आठवडाभर हे हाताने होऊ दे. बहुतेक मुलं गठ्ठा सोडतात, पण वहीत दशकातला एक कमी करायला विसरतात. तुमच्या लेकीचंही तिथेच अडतंय का, ते आधी बघा.