मॉडिंगसाठी कॅबिनेट निवडताना आधी काय तपासावे?

मॉडिंगसाठी, म्हणजे कापून-जोडून आपल्या सोयीचे करून घेण्यासाठी, कॉम्प्युटरचे कोणते कॅबिनेट घ्यावे, या तुमच्या प्रश्नात दोन कॅबिनेट आहेत. एकाला पुढे व बाजूला काच आणि चार रंगीत पंखे आहेत. दुसरे साधे, पुढे जाळीचे आणि आत ५.२५ इंची (सीडी-डीव्हीडी) ड्राइव्हचे जुने कप्पे असलेले आहे. मॉडिंगसाठी मी दुसरे घेईन, आणि त्याचे कारण पत्र्यात आहे.

मी हिंगणघाटजवळच्या खेड्यात राहतो. माझ्या पहिल्या कॅबिनेटचा पत्रा जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा होता. वरच्या बाजूने १२० मिमीचा पंखा बसवण्यासाठी ते वेल्डिंगच्या दुकानात नेले, तर होल-सॉ (गोल भोक पाडणारी करवत) लागताच पत्रा थरथरू लागला आणि भोकाभोवती असा वाकला की पंखा कधीच सपाट बसला नाही. "हा तर डब्याचा पत्रा आहे," असे दुकानदार म्हणाला, ते खरेच होते. आता मी २२ गेजपेक्षा, म्हणजे सुमारे ०.७ मिमीपेक्षा, पातळ पत्रा घेत नाही. जाडी मोजायला व्हर्नियर नसल्यास बाजूचे दार काढून कोपऱ्यांत धरावे आणि हलकेच पिळून पाहावे. वहीच्या पुठ्ठ्यासारखे वळले तर ते कॅबिनेट परत ठेवावे.

त्यानंतर आतले कप्पे कसे जोडले आहेत ते पाहा. पॉप रिव्हेट (पत्रे जोडणाऱ्या पोकळ खिळ्या) असतील तर ड्रिलने त्यांची डोकी उडवून कप्पा काढता येतो आणि नको वाटल्यास नव्या रिव्हेटने परत बसवता येतो. स्पॉट वेल्डिंग (ठिपक्याठिपक्यांनी केलेले वेल्डिंग) मात्र ड्रिलने किंवा घासून काढावे लागते. कप्पे निघाल्यावर पुढे पाण्याने थंड करणाऱ्या यंत्रणेच्या रेडिएटरला जागा होते, पण दोन पंख्यांच्या रेडिएटरच्या नावातल्या २४० या आकड्यावर विसंबू नका, कारण त्या रेडिएटरची प्रत्यक्ष लांबी साधारण २७५ मिमी असते आणि पंख्यासह जाडी ५२ मिमीच्या आसपास जाते. फूटपट्टी सोबत न्या.

टफन (तापवून कडक केलेली) काच एकदा तयार झाली की तिला भोक पाडता येत नाही, कापताही येत नाही. प्रयत्न केल्यास तिचा चुरा होतो. त्यामुळे काचेच्या पुढच्या भागाचे तुम्ही काहीच करू शकणार नाही. शिवाय आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा काचेमागचे पंखे हवेसाठी तडफडतात. (खोलीत कुलर असेल तर कॅबिनेट त्याच्या थेट ओलसर झोतात ठेवू नका.)

कापाकापीपूर्वी आतले सर्व सुटे भाग काढून ठेवा. लोखंडाचा एक कीस मदरबोर्डवर पडला तरी शॉर्ट होऊ शकतो. कापलेल्या कडांना रेड ऑक्साइड (गंज रोखणारा रंग) लावा, नाहीतर पावसाळ्यात तिथूनच गंज धरतो. आणि पुढच्या जाळीमागे बारीक, काढून धुता येईल अशी दुसरी जाळी बसवायची असेल तर ते काम कापूस घरात येऊन त्याचे तंतू उडू लागण्याआधी उरकून घ्या.